बर्गे निघायच्या आधी

"पोटुशी हुती काय रं?"

तात्यांनी एवढंच विचारलं होतं. आदल्या संध्याकाळी माझ्या गळाला रोहू लागला होता, पावणेदोन किलोचा, आयुष्यातला पहिला मोठा मासा. रात्री झोप नीट लागली नव्हती. सकाळी सहालाच नदीवर गेलो, तात्यांना सगळं सांगायचं म्हणून. ते नेहमीच्या लिंबाखाली थर्मासच्या टोपणातून चहा पीत बसले होते. मी हात पसरून लांबी दाखवली, तंगूस कसा करकरला ते सांगितलं, शेवटी मासा काठाला आल्यावर गुडघे कसे लटपटले तेही सांगितलं. ते ऐकत होते, मान हलवत होते. मग त्यांनी तो प्रश्न विचारला. मी म्हणालो, "हो, गाभोळी निघाली की! दोन्ही बाजूंना, ही एवढी. आईनं रात्रीच तळली." तात्या "आसं" म्हणाले. टोपणातला उरलेला चहा त्यांनी गवतात ओतला, टोपण झटकलं, थर्मासवर फिरवून बसवलं आणि उठून गेले. एरवी आठ वाजल्याशिवाय न उठणारा माणूस. त्यांच्याजवळ त्या दिवशी गळाचा कळक नव्हता, पेंडीची पिशवी नव्हती. हे मला दिसलं होतं, पण त्याचा अर्थ लागला नव्हता.

ते रागावले असते तर सोपं गेलं असतं.

आमच्या घरात मासेमारी बाबांची. आठवडाभर दुकान, आणि रविवारी पहाटे सायकलच्या दांडीला कळक बांधून हरिपूरच्या बाजूला. लहानपणी दोन-चार वेळा मलाही नेलं त्यांनी. मला आठवतो तो फक्त कंटाळा. बोलायचं नाही, खडे टाकायचे नाहीत, उभं राहायचं नाही. वर चिंचेवर पोपट ओरडत असायचे आणि खाली बाबा पाण्यातल्या एका बोटभर काडीकडे बघत तासन्‌तास. त्या वयात मला वाटायचं, हे आमच्यापासून लांब जायला येतात इथं. पुढं मीही घर आणि पतसंस्थेतली नोकरी यांत त्याच वयाचा झालो, आणि बाबा गेले. तेराव्यानंतर माळा साफ करताना बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत गंजलेले गळ, शिशाचे मणी, पुठ्ठ्यावर गुंडाळलेला तंगूस, आणि जोंधळ्याच्या ताटातल्या भेंडाचे तीन तरंगे. प्रत्येकाच्या कमरेला लाल दोरा करकचून गुंडाळलेला. मी तो डबा बंद करून परत ठेवू शकत होतो. का कुणास ठाऊक, पुढच्या रविवारी तो घेऊन नदीवर गेलो. तिथं एका म्हाताऱ्या माणसानं माझ्या हातातला तरंगा बघितला, काही न विचारता काढून घेतला, दोऱ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ह्यो मी बांधलेला हाय. तू शिंदेवाड्यापल्याडच्या दुकानदाराचा न्हवं?" ते तात्या. माझ्या बाबांबरोबर तीस वर्षं त्याच काठावर बसलेले, आणि आमच्या घरात ज्यांचं नाव कधी कुणी ऐकलं नव्हतं असे.

त्यांनी मला पहिले दोन महिने गळ टाकू दिला नाही. चालायला शिकवलं. हसायची गोष्ट नाही ही. काठाच्या मातीवर टाच आपटली की पाण्यात कळतं. पुढं वाचलं तेव्हा समजलं की रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस या सगळ्या जातकुळीच्या माशांत पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, पाण्यातली थरथर ती पिशवी झेलते आणि हाडं ती कानाला पोचवतात. तात्यांनी यातलं काही वाचलेलं नाही. ते फक्त म्हणायचे, "त्येला तुजं वजन कळतंय." म्हणून पाऊल आडवं टेकवायचं, मग टाच. म्हणून काठापासून दोन हात मागं बसायचं. अर्थात मागं बसायला आमच्याकडे दुसरंही कारण आहे. कृष्णेत सांगलीच्या वर-खाली मगरी आहेत, थंडीत मळीवर ऊन खात पडलेल्या दिसतात. तात्यांचा नियम ठरलेला. पाण्यात पाय सोडायचा नाही, काठावर वाकून हात धुवायचे नाहीत, आणि रोज एकाच जागी बसायचं नाही. "मासं विसरत्यात, ती विसरत न्हाई."

मग पेंड. शेंगदाण्याची पेंड आदल्या रात्री भिजवायची, सकाळी त्यात भाजलेल्या मेथीची पूड, भाताचा कोंडा, लिंबाएवढा गूळ. हाताला तो वास दिवसभर राहतो. पतसंस्थेत कॅश मोजताना नोटांना लागायचा, मी बोटं नाकाशी नेऊन बघायचो आणि दुपारचं ते काउंटर क्षणभर हलकं व्हायचं. मिश्रण किती घट्ट हवं, हे सांगून कळत नाही. गोळा पाण्यात पडताना फुटता कामा नये आणि तळाला गेल्यावर तसाच राहताही कामा नये, हळूहळू विरघळला पाहिजे, पाण्याच्या ओढीबरोबर त्याची चव खाली सरकत गेली पाहिजे. गळावर मात्र पेंड नाही, कणकेची गोळी, थोडी हळद घालून. करंगळीच्या नखाएवढी.

आणि मग तरंग्याची भाषा. हे शिकायला मला वर्ष लागलं आणि अजून शिकतोच आहे. चिलापी टोचा मारते, भेंड टुकटुक नाचतं, त्याकडे लक्ष द्यायचं नाही. रोहू आधी एक-दोनदा हलकं चाचपतो आणि मग भेंड तिरकं होत पाण्याखाली सरकायला लागतं, घाई न करता, कुणी खालून हाताला धरून न्यावं तसं. मृगळ आणि सायप्रिनस तळाचं खाणारे. ते गोळी उचलतात तेव्हा शिशाचं वजनही उचललं जातं, आणि भेंड बुडायच्या ऐवजी वर येतं, आडवं पडतं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं दोर तुटला, आणि मी बघत बसलो. या माशांच्या तोंडात दात नसतात, दात असतात घशात. गोळी ओढून घेतात, नको वाटली तर फुंकून टाकतात. त्या घेण्या-टाकण्याच्या मधली जी काही पळं असतील तेवढाच माणसाचा वेळ. बाबा रविवार-रविवार त्या काडीकडे का बघायचे, ते मला चाळिशी उलटल्यावर कळलं. लांब जायला येत नव्हते ते. त्या काडीएवढं त्यांचं पूर्ण लक्ष दुसऱ्या कशालाच लागत नव्हतं, आणि आमच्यातल्या कुणी ते कधी मागितलंही नव्हतं.

ज्या माशांवर मी शिकलो ते खरं तर या नदीचे नाहीत, हे नंतर कळलं तेव्हा थोडं विचित्र वाटलं. रोहू, कटला, मृगळ हे गंगेकडचे. आपल्याकडे धरणं झाली, तलाव झाले, त्यांत बीज सोडलं आणि तिथून ते नद्यांत उतरले. सायप्रिनस तर आणखी लांबचा, 1939 मध्ये श्रीलंकेहून निलगिरीत आणलेला, त्याचं दुसरं वाण 1957 मध्ये बँकॉकहून कटकला आलं. मूळचे आपले म्हणावेत ते म्हसीरसारखे. कर्नल साइक्सनं पुण्याजवळच्या मुळा-मुठेत त्यातली एक जात नोंदवली, 1839 ची गोष्ट, आणि मराठी माणसांच्या तोंडून ऐकलेलं ‘खुद्री’ हे नावच तिच्या शास्त्रीय नावात बसवलं. मुळा-मुठेचं पाणी भीमेत, भीमेचं कृष्णेत, म्हणजे घराणं एकच. तात्यांनी लहानपणी असले मासे बघितलेत, "ढालीएवढी खवली" म्हणतात, हाताचा पंजा उघडून दाखवतात. मी एकही बघितलेला नाही. माझ्या पिढीला नदी म्हणजे रोहू-कटला आणि चिलापी. तेच आमचे झाले, आणि मला त्यांच्याबद्दल परकेपण वाटत नाही.

तो रोहू मी जूनच्या पहिल्या आठवड्यात धरला. बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायला लावलेल्या फळ्या, अजून निघाले नव्हते, पाणी तुंबलेलं, वर हिरवट साय आलेली. मृग दोन दिवसांवर. आभाळ भरून यायचं आणि न पडताच जायचं, अंगाला घामाचा नुसता चिकटा. तात्या आठवडाभर गळ घेऊन येत नव्हते. मी समजत होतो गुडघे दुखतायत. त्या संध्याकाळी मी एकटाच होतो. साडेसहाच्या सुमाराला भेंड एकदा हललं, थांबलं, आणि सरकायला लागलं. मी हात आवरला. अजून सरकू दिलं. मग मनगट वर.

पलीकडून उत्तर आलं ते माझ्या अपेक्षेपेक्षा फार जड होतं. कळकाचा शेंडा पाण्याकडे वाकला, तंगूस हवेत वाजायला लागला, एक बारीक, उंच आवाज. मासा थेट डोहाच्या मध्यात गेला, मग खाली, मग काठाला समांतर. तात्यांनी सांगितलं होतं, ओढू नको, त्याला वजन दाखव. मी तेवढंच मनाशी म्हणत राहिलो. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग पाण्यात एक तांबूस पिवळी चमक उलटली आणि पुन्हा बुडाली, आणि मला मोठ्यानं बाबांना हाक मारावीशी वाटली. काठाला आला तेव्हा तो आडवा पडून तोंड उघड-मीट करत होता. ओठ जाड, झालरीसारखे कातरलेले. प्रत्येक खवल्याच्या मधोमध तांबडा ठिपका, जणू एकेक खवला वेगळा रंगवला होता. डोळ्याची कड लालसर. पोट फुगलेलं होतं, हाताला मऊ लागलं. ते मऊपण मला तेव्हा जाणवलं होतं. मी त्याकडे लक्ष दिलं नाही, किंवा द्यायचं नव्हतं म्हणून दिलं नाही.

घरी आई ओट्याशी उभी राहिली. बाबा गेल्यापासून तिचं जेवण चिमणीएवढं झालं होतं, आणि मासा तर घरात आलाच नव्हता. तिनं विळी मागितली. मी सुरी पुढं केली तर म्हणाली, विळीच दे. राख नव्हती म्हणून गव्हाच्या पिठाचा हात लावून तिनं खवलं काढली, सगळा ओटा चमचमायला लागला. पोटाला चीर दिली आणि ती थांबली. मग दोन्ही हातांनी, लहान मूल उचलावं तसं, तिनं गाभोळी बाहेर घेतली. दोन लांब पिशव्या, फिकट पिवळसर, पातळ पडदा, त्यावर तांबड्या शिरांची जाळी. आत दाणा दाणा दिसत होता, मोहरीपेक्षा बारीक. "तुझ्या बाबांना फार आवडायची," ती म्हणाली. "कुणाला द्यायचे नाहीत." तिखट, मीठ, हळद, कोकमाचा आगळ, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. त्या रात्री आई दोन भाकरी जेवली. दोन. मी मोजल्या.

म्हणून तात्यांचं "आसं" मला सोसलं नाही.

पुढचे काही दिवस मी स्वतःच्या बाजूनं पुरावा गोळा करत होतो असंच म्हणावं लागेल. वाचत सुटलो. रोहूच्या मादीत किलोमागे दोन-तीन लाख अंडी असतात. ती सोडायला तिला वाहतं पाणी लागतं, पुराचं, नवं, गढूळ. अंडी चिकटत नाहीत, पाण्याबरोबर फुगत, लोंबकळत जातात आणि पंधरा-वीस तासांत फुटून पिल्लं निघतात. साचलेल्या पाण्यात रोहू पिकतो, पोट भरतं, पण अंडी सोडत नाही. म्हणून तर तळ्यांत मत्स्यबीज करणं कुणाला जमत नव्हतं, नद्यांतूनच बीज गोळा करावं लागायचं. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुलला हिरालाल चौधरींनी माशाच्याच मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांची अंडी सोडवली. आज आपण खातो त्या रोहू-कटल्यांच्या मागं ते इंजेक्शन आहे, आणि तो दिवस देशभर मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळतात. हे वाचताना मी खरंच भारावलो होतो. एका माणसानं सुईच्या टोकावर पूर आणला होता. आणि त्याच वेळी मनात दुसरं चाललं होतं, की हवं तसं पाणी आलं नाही तर मादी ती अंडी अंगातच जिरवून टाकते. म्हणजे बंधाऱ्यांनी बांधलेल्या आमच्या नदीत माझ्या रोहूची अंडी कदाचित वायाच गेली असती.

ते मी तात्यांना सांगितलं. जुलै लागला होता, नदी तांबडी झाली होती, आम्ही दोघं वरच्या पायरीवर बसलो होतो. सगळं सांगितलं, पाण्याची ओढ, बर्गे, अंडी जिरणं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग पाण्याकडे हात करून म्हणाले, "पानी तर आलं की. यील का न्हाई, त्ये तिला बघू द्यायचं हुतं."

मी गप्प बसलो. थोड्या वेळानं तेच बोलायला लागले. त्यांच्या लहानपणी पहिला पाऊस झाला की ओढ्यांतून मासे चढायचे, चढणीचे. सगळा गाव बुट्ट्या, धोतरं, मच्छरदाण्या घेऊन ओढ्यात. रात्री कंदील, बत्त्या. काठीनं मारायचे, हातानं धरायचे. घरोघरी गाभोळी, कुत्र्यांनासुद्धा. "लई मज्जा यायची," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ती मज्जा खरोखर आली, दडवली नाही. "लई मारल्यात आमी बाळ. माप न्हाई." ते नियम कधीपासून पाळायला लागले हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मृग लागायच्या आधी आठवडाभर गळ बंद, तो नारळी पौर्णिमेपर्यंत. कायदा म्हणून नव्हे. त्यांच्या शेजारी लोक जाळी लावतात, त्यांना ते एक शब्द बोलत नाहीत. बाबांनाही बोलले नसावेत. बाबांना गाभोळी फार आवडायची, हे आई म्हणाली होतीच, म्हणजे ज्येष्ठात बाबांचा गळ पाण्यात असणारच. तीस वर्षं हे दोघं या काठावर बसले, आणि दर मृगाला एकजण गळ गुंडाळून नुसता चहा प्यायला येत राहिला.

2023 च्या मार्चमध्ये कृष्णेत अंकलीच्या बाजूला मेलेल्या माशांचा खच पडला होता, तो मी बघितलाय. मी शिकायला लागून थोडेच दिवस झाले होते. आधी मासे वर येऊन तोंडं उघडत होते, हवा खायला, मग पांढरी पोटं. पाणी काळपट, त्याला आंबूस वास. लोक पिशव्या भरून नेत होते आणि दुसरे लोक त्यांना नेऊ नका म्हणत होते. आमच्याकडे ‘मळी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. नदीकाठची गाळाची जमीन, जिच्यावरच्या वांग्यांची चव दुसरीकडे मिळत नाही, ती मळी. आणि साखर कारखान्यातून निघते तीही मळीच. त्या दिवशी काठावर जो तो दुसऱ्या अर्थानं तो शब्द बोलत होता, आणि सगळे उभे होते पहिल्या मळीवर. तात्या आले नव्हते बघायला. मला कित्येकदा वाटलं, एवढ्या ढिगापुढं माझ्या एका रोहूचा हिशोब तो काय. पण ढीग कुणी केला हे ठरवायला निदान नोटिसा निघतात, चौकश्या होतात. माझ्या रोहूचं पोट हाताला मऊ लागलं होतं हे फक्त मला माहीत आहे.

नारळी पौर्णिमेनंतर मी पुन्हा बसायला लागलो. थंडीत दोन सायप्रिनस मिळाले, एक मृगळ. आईनं विळी घेतली, कालवण केलं, जेवली. बरं जेवली. पण त्या रात्रीसारखं नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. मेच्या अखेरीला मी कळक पुसून, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवत होतो तेव्हा ती खाली उभी राहून बघत होती. "आताच तर गाभोळीचे दिवस," ती म्हणाली. मी शिडीवरून तिला सांगितलं, थोडक्यात, जमेल तसं. तिनं ऐकलं. शिडी धरून ठेवली. मी उतरेपर्यंत काही बोलली नाही, आणि नंतरही त्यावर काही बोलली नाही. रात्री तिनं अर्धीच भाकरी खाल्ली. त्या अर्ध्या भाकरीला माझ्याकडे उत्तर नाही.

यंदा बर्गे वेळेवर निघाले. पाणी एका रात्रीत उतरलं, तळातली काळी माती उघडी पडली, तिचा वास पार रस्त्यापर्यंत आला. चार दिवसांनी वर कुठंतरी जोराचा झाला आणि नदीत तांबडी रेघ आली, आधी मध्यात, मग सगळीकडे. तात्यांनी फोन केला. त्यांनी मला फोन करायची ही पहिलीच वेळ. "ये. चप्पल काढून ये." ओढा नदीला मिळतो तिथं, वरच्या बाजूच्या मोठ्या दगडावर ते बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. मी पाऊल आडवं टेकवत, टाच हळू ठेवत गेलो आणि शेजारी बसलो. ओढ्याचं पाणी दगडावरून वीतभर उंचीवरून पडत होतं. त्या पडणाऱ्या पाण्यात लहान मासे उसळत होते, चांदीच्या फोडी उडाव्यात तसे, बरेचसे परत खाली. मग खालच्या फेसात एक पाठ दिसली, रुंद, काळपट. तिनं एकदा झेप घेतली, दगडाला पोट घासलं, आडवी झाली आणि मागं वाहून गेली. पुन्हा आली. आमच्यापासून दीड हातावर, घोटाभर पाण्यात, शेपटी नुसती थरथरत होती. तात्यांचा उजवा हात गुडघ्यावरून उठला, बोटं पसरून पाण्याच्या दिशेनं अर्ध्यापर्यंत गेला, तिथंच थांबला, आणि परत गुडघ्यावर येऊन बसला.

ती तिसऱ्या खेपेला चढली. आम्ही अंधार पडेपर्यंत तिथंच होतो.